पश्चिमेला सरकणारा डाग

३ मार्च
सूर्याच्या पूर्वेकडच्या कडेवर मोठा डाग आलाय. साहेब म्हणाले, "लक्ष ठेवा, हा गप्प बसणाऱ्यातला नाही." मला मेलीला आनंद झाला!

सौरवादळाचा इशारा देणं माझं काम, आणि मी वादळच मागतेय. कारण लेक. ती हवाईसुंदरी, तिचं विमान ध्रुवावरून जातं. सूर्याचे कण आले की तिथे किरणोत्सर्ग वाढतो, तो रस्ता बंद. विमान दक्षिणेकडे वळतं आणि इंधनासाठी आमच्याच शहरात उतरतं. गेल्या वर्षी एकदाच असं झालं. ती स्वतःच्या पलंगावर झोपली होती. त्यानंतर नुसते फोन.

५ मार्च
फुटला. पण पूर्वेला — वाया गेला.

लेक फोनवर म्हणाली, "इतक्या लांबून येतंच कसं गं?" सांगितलं — स्फोटातून वायूचा ढग सुटतो, त्याला यायला दोन-तीन दिवस. पण त्याच्या पुढच्या धक्क्यात सापडलेले कण पुन्हा पुन्हा ढकलले जातात, वेग घेतात आणि अर्ध्या तासात दारात हजर. येतात सूर्याच्या चुंबकीय रेषा धरून, आणि त्या रेषा वळणाच्या. स्फोट पश्चिमेला झाला तरच आपल्याकडे पोचतात.

"म्हणजे माझ्यासारखेच, वाकडी वाट करून घरी," ती हसली. 'ये ना' ओठांवर आलं होतं. गिळलं.

१० मार्च
डाग मधोमध आलाय. तिच्या खोलीतली चादर बदलली. बोलावलंय कुणी? कुणीच नाही.

१४ मार्च
दुपारी फुटला, पश्चिमेला! आधी झगमगाट दिसला, मी इशारा लिहायला घेतला, तोवर कण आलेच. साहेब म्हणाले, "इशारा गेला, आता जरा बसा." मी ध्रुवावरच्या विमानांची यादी उघडली होती.

ध्रुवावरची विमानं वळली. तिचंही. संध्याकाळी फोन — "आई, उतरलो. काहीतरी गरम कर." किती दिवसांनी कुणीतरी मला स्वयंपाक सांगितला.

१५ मार्च
सकाळी बूट घालता घालता म्हणाली, "तिसरा महिना लागलाय आई. ऑफिसात अजून बोलले नाही." आणि मग, "तुझा इशारा आला तेव्हा आम्ही ध्रुवाच्या अगदी वरतीच होतो."

एवढ्या किरणोत्सर्गानं काही होत नाही, असं मीच लोकांना फोनवर सांगते. तिची बॅग मी आत नेऊन ठेवली. वर ती एकटी नव्हती, आणि मी खाली बसून वादळ मागत होते.