वकिलाचा बुचडा

कार्सवेल, ४ ऑक्टोबर १९८३

ती. नेल्सनमामास डॅरिलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि आईने पाठवलेलं मेंढीचं सुकं मटण एकाच दिवशी पोचलं. मटण केव्हाच संपलं, पत्र पुरवून वाचतोय. नोकरी सुरू झाली. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांचे खटले आमच्या कचेरीने लढवायचे. खोलीला खिडकी आहे, पण समोर भिंत.

मामा, खरं सांगू? पहिल्याच आठवड्यापासून भीती वाटतेय. आमच्या कचेरीच्या मुख्य बाई मनाने चांगल्या आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की तुझा बुचडा मला आवडतो हो, पण जज्ज प्रुइटना आवडायचा नाही. नंतर कोर्टाच्या जिन्यात मागून कुणीतरी मला मिस म्हणून हाक मारली. दोघंतिघं हसले. मी वळून पाहिलं नाही. वर जाऊन बाथरूमची कडी लावली आणि गार पाण्याखाली हात धरून उभा राहिलो.

तू चिनलीच्या शाळेत मोठ्या पोरांना जे सांगतोस ना, ते मला एकदा लिहून पाठव. तेव्हा मागच्या बाकावर बसून खिदळत होतो. आता नीट ऐकेन.

आईला यातलं काही कळवू नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
डॅरिल


चिनली, ११ ऑक्टोबर

चि. डॅरिल यास मामाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. माझ्या डोक्यावरचं कुरण दरसाल ओसाड होत चाललंय. पोरं म्हणतात, सर, तुम्ही केस राखा सांगता ते स्वतःचे उरले नाहीत म्हणून. म्हणू देत.

मी त्यांना काय सांगतो? डॉक्टर व्हा, इंजिनिअर व्हा, बँकेत साहेब व्हा, पण स्वतःला दाराबाहेर ठेवून आत जाऊ नका. आपण दिने जमातीची माणसं केस बांधतो तेव्हा विचारही एका जागी बांधतो. ते गोऱ्या माणसाला कळत नसेल तर तो त्याचा प्रश्न. तू कायद्याची परीक्षा बुचड्यासकट पास झालास ना? मग कोर्टातही बुचड्यासकटच उभा राहा. तुझं नाव मी वर्गात सांगतो. तू कापलेस तर उद्या या पोरांनी कुणाकडे बघायचं?

आईला मी काही बोललो नाही. पण रविवारी लुकाचुकाईला तिच्याकडे गेलो होतो, तर माझ्या खिशातून डोकावणारं तुझं पाकीट तिने पाहिलं, मग माझं तोंड पाहिलं. तिला काय सांगावं लागतं?

भिऊ नकोस. आहे तोच लोभ असू दे.

तुझा मामा,
नेल्सन


लुकाचुकाई, १४ ऑक्टोबर

चि. नेल्सन यास एलाताईचे आशीर्वाद.

तोंडावर बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून लिहिते. तू पोरांना भरीला घालतोस आणि निस्तरायला लागतं आयांना. तुला टाळ्या मिळतात, माझी झोप जाते.

आपल्या मधल्या भावाचं मी नाव घेत नाही. गेलेल्याचं नाव घेऊ नये, हे तुला माहीत आहे. तू तेव्हा तान्हा, आईच्या पाठीवर बांधलेला होतास, तुला काय आठवणार? सरकारी निवासी शाळेत आम्हाला एकाच ट्रकमधून नेलं. त्याला एका दारातून आत ओढलं आणि मला बाहेर थांबवलं. आतून तो माझ्या नावाने ओरडत होता. मग आवाज थांबला. दार उघडलं तेव्हा एक बोडका मुलगा बाहेर आला, आणि नेल्सन, मी त्याला ओळखलं नाही. मी त्याच्या मागे बघत होते, माझा भाऊ कधी येतो म्हणून. कापलेले केस झाडूने कुठे लोटले, कुणाला ठाऊक. आपण असे केस कुणाच्या हाती लागू देतो का? तो हिवाळ्यात पळाला. बर्फ वितळल्यावर ओढ्यात सापडला.

तुला वाटेल, मग ताईने तर केस राखा म्हणायला हवं. नाही रे. मी एवढंच शिकले, की त्यांना हवं असलं की ते घेतातच. मग आपणच आधी कापावे, म्हणजे पोरगा तरी उरतो. माझा एकच आहे. त्याला आता तूच सांग, तो तुझं ऐकतो.

तुझी,
एलाताई


कार्सवेल, २१ ऑक्टोबर

ती. मामास सा. न. वि. वि.

आज झालं ते घाईने लिहितो. भरलेल्या कोर्टात जज्ज प्रुइटनी माझं बोलणं मध्येच तोडलं. म्हणाले, की माझ्या कोर्टात पुरुष वकील पुरुषांसारखे दिसतात. येत्या शुक्रवारी केस कापून यायचं, नाहीतर कोर्टाचा अवमान समजून आत टाकीन. मी काहीतरी बोललो, काय ते आठवत नाही. 

मी आत जाईन त्याची भीती आहेच. त्याहून मोठी भीती व्हर्ननसाठी वाटते. हा माझा अशील, आपलाच माणूस, वेल्डर. मुकादमाला लोखंडी गजाने मारलं असा आरोप आहे. तो म्हणतो, गज मुकादमाने उचलला, मी हिसकावला. मला त्याचं खरं वाटतं. पण ज्युरीतली बारा माणसं माझ्या डोक्याकडे बघत बसली आणि त्याचं ऐकलंच नाही तर? माझ्या केसांसाठी दुसऱ्याने तुरुंगात का सडायचं? मला असा हक्क आहे का मामा?

संध्याकाळी त्यालाच जाऊन विचारलं. तुरुंगात पहिल्याच दिवशी त्याचे केस कापलेत. तो बराच वेळ बोटांनी टेबल खरवडत राहिला. मग म्हणाला, की वकीलसाहेब, कोर्टात मी तुझ्या मागे बसतो. तिथून मला तुझा बुचडाच तेवढा दिसतो. तो पाहिला की वाटतं, अजून सगळं त्यांच्या हातात गेलेलं नाही. पुढचं तू बघ. मग हसून म्हणाला, वाईट झालं तर माझ्या शेजारची खाट रिकामी आहे.

मी हसलो नाही.  घरी येऊन केस मोकळे सोडून आरशासमोर उभा राहिलो आणि कात्री कुठे मिळेल याचा विचार करत होतो. काय करू, ताबडतोब कळव.

डॅरिल


चिनली, २४ ऑक्टोबर

चि. डॅरिल यास आशीर्वाद.

काप बाबा. मी सांगतो, काप.

तुझं पत्र वाचलं आणि खुर्चीतून उठवेना. वर्गात उभं राहून बोलणं वेगळं. तुला बेड्या घालून नेतायत हे डोळ्यांपुढे आलं आणि माझं सगळं भाषण विरून गेलं. केस पुन्हा वाढतात. पोरांना काय सांगायचं ते मी बघेन, त्यांनी मला भित्रा म्हटलं तरी चालेल.

आणखी एक. ताईला तुझं पत्र दाखवलं. तिने वाचलं, मेंढ्या शेजाऱ्यांकडे सोपवल्या आणि बसने निघाली. मेंढ्या कातरायची कातर फडक्यात गुंडाळून बरोबर घेतलीय. हे पत्र आधी पोचतं की ती, सांगता येत नाही. तिला अडवू नकोस. तिच्या हातून झालेलं बरं.

मामा


कार्सवेल, २९ ऑक्टोबर

चि. नेल्सन यास आशीर्वाद.

डॅरिलला लिहायला सांगायला गेले तर तो झोपलाय, झोपू दे. म्हणून मीच लिहिते.

गुरुवारी मी पोचले. दार उघडलं तर पोरगा वाळलेला, डोळे खोल गेलेले. माझ्या हातातली कातर त्याने पाहिली.  खुर्ची ओढली, माझ्याकडे पाठ करून बसला आणि म्हणाला, आई, कापायचेच असतील तर तू काप. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नकोस.

मी बुचड्याची लोकरीची दोरी सोडली. नेल्सन, केस पाठभर उतरले, त्याच्या आजोबांसारखे जाड. एक बट धरली, कातरीत घातली. तेवढ्यात पाहिलं, तर त्याची मान लहान मुलासारखी आखडली होती, खांदे कानांपर्यंत वर आले होते. मला कळलं, की आता या दाराच्या आतल्या बाजूला मी आहे, आणि कातर माझ्या हातात आहे.  कातर खाली ठेवली. मग केस विंचरले, आपल्या गवताच्या कुंच्याने, सावकाश, आणि दोरी इतकी घट्ट बांधली की तो ओय म्हणाला. मी म्हटलं, गप बस, उद्या सुटायला नको.

तुला वाटेल मी धीट झाले. छे! रात्रभर जागी होते. सकाळी कोर्टाच्या पायऱ्या चढताना त्याचा दंड धरून चढले. शाळा सुटल्यापासून मी सरकारी इमारतीत पाऊल ठेवलं नव्हतं. वास तोच, फरशीच्या साबणाचा. पोरगा उभा राहिला. आवाज कापत होता, पण बोलला सगळं. म्हणाला, की केस कसे असावेत असा नियम कुठल्या पुस्तकात आहे तो दाखवा, मी पाळतो. जज्जने पुस्तक दाखवलं नाही. शिपायाला बोट दाखवलं. त्याने माझ्या डॅरिलला बाजूच्या दाराने आत नेलं आणि दार लावलं.

तेव्हा माझं काय झालं ते लिहिता येत नाही. मी दारासमोरच्या बाकावर बसले. डॅरिलच्या कचेरीच्या बाई टेलिफोनकडे धावल्या, मोठ्या कोर्टात कुणाकुणाला फोन केले. कुणी मला पाणी दिलं, ते सांडलं. मी कान देऊन ऐकत होते, तो ओरडतोय का. आतून काहीच ऐकू येत नव्हतं, आणि तेच सगळ्यात वाईट होतं. दुपार कलली. दार उघडलं. आधी शिपाई बाहेर आला, मग तो. मी त्याला लगेच ओळखलं रे. डोकं होतं तसं होतं. दोरीची गाठसुद्धा सुटली नव्हती.

मोठ्या कोर्टाने सोडायला लावलं, आणि व्हर्ननचा खटला दुसऱ्या जज्जकडे दिला. मी इथेच राहते निकाल लागेपर्यंत. मेंढ्यांकडे बघ.

तुझी,
एलाताई


कार्सवेल, १९ नोव्हेंबर

ती. मामास डॅरिलचा सा. न.

तुझं काप म्हणणारं पत्र आई आल्यावर तिसऱ्या दिवशी पोचलं. वाईट वाटून घेऊ नकोस. ते आधी आलं असतं तर मी कापले असते.

काल निकाल लागला. मोठा आरोप सुटला, मारामारीचा छोटा चिकटला. जेवढी कैद आधीच भोगली तेवढ्यावर व्हर्नन सुटला. ज्युरीतले दोघं शेवटपर्यंत माझ्याकडे बघायलाच तयार नव्हते, त्यामुळे माझ्या बुचड्यापायी व्हर्ननचं काही बिघडलं का, हे मला कधीच कळणार नाही. हा किडा डोक्यातून जात नाही. व्हर्ननला विचारलं तर म्हणाला, आधी जेवायला चल.

जज्ज प्रुइट अजून तिथेच आहेत. मंगळवारी दुसऱ्या एका खटल्यासाठी मला पुन्हा त्यांच्यापुढे उभं राहायचंय. आजपासूनच धास्ती घेतलीय.

आईने तुझ्यासाठी निरोप दिलाय, तिच्याच शब्दांत लिहितो. म्हणते, नेल्सनला सांग, पोरांना केस राखा म्हणून जरूर सांगत जा. पण भिऊ नका असलं खोटं सांगू नकोस. भीती वाटणारच आणि पाय लटपटणारच हे सांग. आणि एकेकट्याला पाठवू नका म्हणावं. बाहेर बाकावर आपलं कुणीतरी बसलेलं पाहिजे.

मंगळवारी ती बसणार आहे. तिच्या शेजारी जागा आहे मामा, सवड काढून ये. आमच्यावर जीव आहे तो असाच ठेव.

तुझा,
डॅरिल