चहाच्या वेळी कोणी बोलत नाही

बाई, तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, आणि होतात तेव्हाही तुम्हाला कागद वाचायचा केवढा कंटाळा! "जे बोलाचं ते तोंडानं बोल," म्हणायच्या. पण बोलू कोणाशी? ओपीडी आटोपली आहे, डॉक्टर जेवायला गेलेत, आणि मी तुमच्या जागेवर, इनचार्जच्या खुर्चीत बसून हे खरडते आहे. उद्या पहिल्या एसटीनं आपल्या एका सिस्टरला गडचिरोलीला नेऊन जिल्ह्याच्या साहेबांपुढं उभं करायचं आहे, आणि तिथं काय होणार ते मला ठाऊक नाही.

वॉर्डामागची ती चहाची खोली अजून तशीच आहे. स्टोव्ह जाऊन गॅस आला, एवढंच. मी नवी नवी आले तेव्हा अब्बा टेलरिंगचं दुकान बंद ठेवून मूल गावाहून मला पोचवायला आले होते. तुमचा आवाज ऐकून हळूच म्हणाले, "बेटा, ये बाई तो बहोत कडक दिखती है." दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटी बदलताना तुम्ही सगळ्यांना त्या खोलीत गोळा करता, चहा उकळत ठेवता आणि गाळायच्या आधी विचारता, "हं, कोणाचं काय चुकता चुकता राह्यलं? जी सांगन तिले चाय भेटन, बाकीच्यायले नाई." पहिल्याच दिवशी चूक सांगून नोकरी घालवू की काय? पण पहिल्या बोललात तुम्हीच. "मी काल आंधळीवानी दोन नंबरवालीचं इंजेक्शन चार नंबरवालीले लावून राह्यली होती. तिनंच इचारलं, बाई, माह्यं तं सकाळीच झालं ना? म्हणून वाचली. आता मी पयले नाव इचारतो, मंग सुई काढतो." सगळ्या खो खो हसल्या. त्या दिवसापासून आम्हीही आधी नाव विचारायला लागलो. कोणी हुकूम काढला नव्हता की भिंतीवर काही चिकटवलं नव्हतं. इथं डॉक्टर येतात आणि बदली करून घेऊन निघून जातात. त्या दवाखान्याला जे काही कळत होतं, ते त्या चहावरच एकीकडून दुसरीकडं जात होतं, पण हे मला फार उशिरा समजलं.

आणि एकदा मला झापलंत ते! बसस्टँडवर मी आपल्याच एका सिस्टरची फजिती रंगवून सांगत होते, नावानिशी. तुम्ही मागं भाजी घेत उभ्या. वॉर्डात आल्यावर माझा दंड धरलात. "गोष्ट साऱ्या जगाले सांग, पण नाव इथीच ठेव. उद्या ते पोरगी तोंड उघडन का? आन तिनं नाई सांगितलं तं तू कुठून शिकशीन?" मी रडले. तुम्ही समजूत वगैरे काही काढली नाहीत, सरळ ड्रेसिंगच्या कामाला लावलंत. तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता, खरं सांगते.

आता इनचार्ज मी आहे. चहा मीच गाळते आणि तुमच्यासारखंच विचारते. मागच्या महिन्यात आपली सगळ्यात लहान सिस्टर बोलली, भामरागडकडची माडिया आदिवासी पोरगी. मलेरियाचं एक लेकरू होतं, तोंडानं औषध राहत नव्हतं, म्हणून सलाईनमधून क्विनाईन थेंब थेंब चाललं होतं. ती बाळंतिणीकडं गेली आणि तेवढ्यात लेकराच्या आईनं सलाईनच्या नळीवरचं थेंबांचं चाक पूर्ण मोकळं करून टाकलं. बाटली लवकर संपली की सुट्टी होईल, दुपारची एसटी सापडेल, एवढंच त्या माउलीच्या मनात. सिस्टर परत येते तर लेकरू घामानं थबथबलेलं, हातपाय गार, रक्तातली साखर पार उतरलेली. तिनं सलाईन बंद केलं, ओरडून डॉक्टरांना बोलावलं, शिरेतून ग्लुकोज दिलं. वाचलं हो लेकरू. दुसऱ्या दिवशी चहाला ती म्हणाली, "बाई, ह्या चाकाले हात लावू नोको, हे मी तिले तिच्या भाषेत सांगितलंच नाई. मले येते तिची भाषा, तरी नाई सांगितलं. घाईत होती." तेव्हापासून सलाईन लावलं की नातेवाइकांना आधी चाक दाखवायचं ठरलं. ते माडियात कसं म्हणायचं ते तिनंच आम्हाला शिकवलं. आमचे उच्चार ऐकून पेशंट अजून हसतात.

मला वाटलं, ही गोष्ट आपल्यापुरती कशाला ठेवायची? चाक काय इथलेच नातेवाईक फिरवतात? म्हणून गडचिरोलीच्या मीटिंगमध्ये मी उठून सांगितली. नाव नाही घेतलं बाई, शप्पथ. साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "ड्यूटीवर कोण होतं त्या दिवशी?" मी म्हटलं, सर, ते महत्त्वाचं नाही. ते नुसते हसले. थोड्या दिवसांत तिच्या नावाचा मेमो आला, समोर येऊन खुलासा द्या म्हणून. नाव काय, ड्यूटीच्या तक्त्यावरून कोणीही काढेल! पोरीनं कागद माझ्या हातात दिला. म्हणाली, "तुमीच म्हनलं होतं ना बाई, सांग म्हनून?" ती अजून कायम झालेली नाही. साहेबांच्या मनात आलं तर उद्याच घरी बसवतील. मी सोबत जाणार आहे, सांगणार आहे की हिला बोलायला मीच लावलं, विचारायचं ते मला विचारा. रोज मनात घोकते आणि रोज मधेच जीभ अडखळते.

मेमो आल्यापासून आमचा चहा मुका झालाय. "सगळं ठीक आहे बाई," एकीमागून एक, खाली बघून. एवढे पेशंट, एवढ्या ड्यूट्या, आणि कोणाचंच काही चुकता चुकता राहत नाही? असं कधी असतं का? मला त्या ठीकचीच धडकी भरते. मृग तोंडावर आलाय. नाले भरले की भामरागडकडचा रस्ता तुटतो, म्हणून औषधं आधीच आतल्या दवाखान्यांना पाठवून ठेवतो आपण. औषधं जातात. पण त्यांच्याबद्दल जे आज इथं कोणी बोललं नाही, ते मग पाणी उतरेपर्यंत तिकडं पोचत नाही.

आणि आता ते, ज्याच्यासाठी लिहायला बसले. आज सकाळी इंजेक्शनची पूड विरघळवायला मी पाण्याची कुपी फोडली, सिरिंज भरली, आणि कुपी टाकता टाकता सहज तिच्यावरचं वाचलं. पाणी नव्हतं ते. पोटॅशियम होतं. तसंच शिरेत गेलं असतं तर काळीज तिथल्या तिथं बंद पडलं असतं, बाई. समोर एक म्हातारा हात पुढं करून बसलेला, "लवकर टोचून टाक ना व बाई, ऊन होऊन राह्यलं" म्हणत. नव्या मालातल्या कुप्या अगदी सारख्या दिसतात, रंग तोच, अक्षर तेवढंच, आणि दोन्ही डबे ट्रेमध्ये शेजारी शेजारी. मागच्या आठवड्यात असलेच डबे आतल्या दवाखान्यांनाही गेलेत. सिरिंज टाकून दिली, पोटॅशियमचा डबा उचलून वेगळ्या कपाटात ठेवला.

मग चहाला सगळ्या जमल्या. ती पोरगीही होती. मी नेहमीसारखं विचारलं, त्यांनी नेहमीसारखं ठीक आहे म्हटलं. मग तिनं मान वर करून मला विचारलं, "तुमचं काही, बाई?" मला साहेबांचं ते हसणं आठवलं. डोळ्यांपुढं मेमोवर माझं नाव दिसलं. मी म्हटलं, "माझं काय असणार गं," आणि सगळ्यांच्या आधी कप उचलून चहा प्यायले.