राबाचा धूर

प्रिय छाये,

फोनवर हे बोलवत नाय, म्हणून माझ्या चौथी पास हातानं लिहितोय. चुका काढू नको.

इकडं विजापूरकडं कोळशाच्या भट्टीवर आहे. बाभळी रचायच्या, वरून माती थापायची आणि आठ-आठ दिवस आत धुमसत ठेवायचं. थुंकीसुद्धा काळी येते. गंमत बघ, आपल्या नाचणीच्या माळावर धूर नको म्हणून ज्यांनी झाडं लावली, त्यांच्यामुळंच मी इथं दिवसभर धूर करतोय. जीपवाला साहेब म्हणाला होता, शहरातल्या कंपन्यांचा धूर तुमची झाडं पिणार, म्हणजे त्यांचा धूर शून्य. शून्य झालं खरं. आपल्या नाचणीचं.

साहेबानं वाटलेल्या बिनधुराच्या चुलीत आता कोंबडी अंडी घालते असं तू सांगितलंस तेव्हा हसलो. पण पहिल्या वर्षी आईनं ती हौसेनं पेटवली होती. वर टांगलेल्या बियाण्याला धूर लागला नाय आणि सगळ्याला कीड पडली. साहेबाच्या कागदानं राब भाजायलाही बंदी. पाला-शेण न जाळता बानं भात पेरला, तर वाफ्यात रोपापेक्षा गवतच जास्त. ते उपटताना त्यानं मान वर केली नाय. त्याच आठवड्यात मी मुकादमाबरोबर निघालो.

बा अजून चंदरकाकाला शिव्या घालतो, कारण जीप त्यानं वाडीवर आणली. दोन घरांचं जाणं-येणं तुटलं आणि त्याच्या भाविकशी ठरलेलं तुझं लग्न मोडलं.  मी ते मोडू दिलं.

आता खरं ऐक. जीप आली त्या दिवशी बा साहेबाच्या कागदावर अंगठा देत नव्हता. चंदरकाकाच म्हणाला, "जैतूदादा, थांब. छाया आश्रमशाळेतून येऊ दे, ती वाचंल." ते मला लागलं. मी कागद ओढून घेतला. बा म्हणाला, "राब भाजता येईल ना रे? तेवढं बघ." साहेब बघत होता, सगळी वाडी बघत होती. मी ओळींवरून बोट फिरवलं. एक अक्षर डोक्यात गेलं नाय. म्हटलं, "येईल बा. लिवलंय तसं."

बाला घेऊन चंदरकाकाच्या ओटीवर जा. भाविक असेल तेव्हाच जा. हे पत्र मोठ्यानं वाच, आणि माझी लाज राखायला एकही ओळ गाळू नको. बा मला ये म्हणणार नाय, ते माहीत आहे. पण आपल्या घरात कुणीतरी कागदावर आहे तेच वाचतं, एवढं त्याला कळू दे.

तुझाच दादा,
संदीप