डाव्या डोळ्याचा लाल

१४ मार्च

छोटे,

पत्र बघून म्हणशील, अकरा वर्षांनी हिला आज काय आठवलं! मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, वरच्या मजल्यावरची बाई अजून दुपारीच फर्निचर सरकवते, आणि कापड कारखान्यात मी अजून रंग जुळवण्याच्याच टेबलावर आहे.

एक बातमी आहे. माझ्या डाव्या डोळ्यामागे, मेंदूच्या आवरणाला गाठ आहे. कॅन्सर नाही, लगेच रडू नकोस. गेल्या वर्षी सापडली. डॉक्टर म्हणाले, "दर सहा महिन्यांनी स्कॅन करून बघत राहू, नाहीतर काढून टाकू." मी म्हटलं, बघत राहू. बघण्याचाच तर पगार घेते मी.

गेल्या महिन्यात पडद्याच्या कापडाचा अख्खा लाल लॉट परत आला. पास मी केला होता. शेवटचा निर्णय देताना मी उजवा डोळा मिटून बघते, तू त्यावरून मला नेमबाज म्हणायचीस. डाव्याला नमुनाही फिका दिसला आणि लॉटही फिका, म्हणून मी दोन्ही सारखे ठरवले. साहेब नमुन्याचा आणि लॉटचा असे दोन तुकडे पुढ्यात ठेवून गेले. मी उजव्याने पाहिलं. शिकाऊ मुलीलाही कळला असता इतका फरक होता. लाज वाटली गं.

गाठ वाढली आहे, नजरेची नस दाबते आहे. थांबले तर डोळा हळूहळू जाईल. काढली तर बहुतेक वाचेल, पण ऑपरेशनमध्येच जाऊही शकतो. शिवाय डोक्याचं ऑपरेशन. "निर्णय तुमचा," डॉक्टर म्हणाले. मी विचारलं, "तुमच्या आईला काय सांगितलं असतं?" तर म्हणतात कसे, "तिने माझं ऐकलंच नसतं."

आपल्या आईच्या ऑपरेशनच्या कागदावर तू सही केलीस. ती टेबलावरून परत आली नाही, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, तू मारलंस तिला.

पेन आधी माझ्यापुढे आलं होतं. थोरली मी. "चष्मा विसरले, अक्षरं दिसत नाहीत," म्हणून तुझ्याकडे सरकवलं. चष्मा पर्समध्ये होता. मला भीती वाटली होती. तुला हे तेव्हाच कळलं असणार, तरी तू आजवर बोलली नाहीस.

काल मी माझी सही केली. गाठ काढायची. दोन तारखेला सकाळी आठला.

त्याखाली जवळच्या नातेवाइकाची सही लागते. शेजारीण करते म्हणाली, मी नको म्हटलं. तू ये. सोबत एक कागद पाठवते आहे, जपून ठेव. त्यावर लिहिलंय की निर्णय माझा एकटीचा आहे आणि बहिणीने माझ्या सांगण्यावरून सही केली. माझं काही बरंवाईट झालं, तर जो कोणी तुला बोलेल त्याच्या हातात दे.

तेव्हा असं बोलणारी मीच होते.

तुझी,
अजून म्हणत असशील तर, ताई