पाठ ताटाकडे, कान चमच्याकडे

५ ऑक्टोबर, रविवार
डॉ. मग्दांनी बजावून सांगितलं – पुढच्या रविवारपर्यंत अन्नाची भीती घेतलेली माझी शहिंदा दुपारचं जेवण पुरं संपवू लागली नाही, तर पोरीला दवाखान्यात दाखल करायचं. "गोळ्या नकोत सध्या, शौकीसाहेब. सगळ्यांनी तिच्याबरोबर तेच जेवायचं. गप्पा मारा, खेळा. तिच्या ताटाकडे बघू नका. आग्रह तर अजिबात नाही!"
आग्रह नाही! अलेक्झांड्रियात हातगाडीवर कलेजी विकत तीन दुकानं उभी केली ती एका वाक्यावर – 'माझ्या गळ्याची शपथ, अजून एक घास!' आता घरात जीभ चावून बसायचं. ठीक. बसू.

६ ऑक्टोबर, सोमवार
मोलोखियाची पातळ पालेभाजी, भात. मी पाठ फिरवून पाव कापत उभा. पण चमचा भरलेला की रिकामा, आवाजावरून कळतं मला – दुकानात सवयच ती. नऊ घास झाले. दहाव्याला शहिंदा म्हणाली, "बाबा, तुझे कान बघतायत."
उठून गेली. अर्धं ताट तसंच. माझ्यामुळे!

७ ऑक्टोबर, मंगळवार
डॉक्टरीणबाईंना फोनवर सगळं कबूल केलं. हसल्या – "मग कानांना काम द्या!"
जेवणाच्या टेबलावर तावलाचा पट मांडला. सोंगट्या अशा आपटल्या की बायको, नवाल, ओरडली, "टेबल फोडा आता! आणि तुमचंही गार होतंय!" बटाट्यांपाशी शहिंदा अडली. डॉक्टरीणबाईंनी शिकवलंय तसा गार पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला, हळूहळू श्वास सोडला. मी एवढंच म्हणालो, "तुझा डाव."
खेळली. थोडे खाल्ले.

९ ऑक्टोबर, गुरुवार
ताट संपलं! मी हरलो. "चाळीस वर्षं कॅफेत बसून हेच शिकलास?" पोरीचा टोमणा ऐकून जीव थंडावला.

११ ऑक्टोबर, शनिवार
बेशामेलची, म्हणजे दाट पांढऱ्या सॉसमधली मकरोना – तिला सगळ्यात धास्ती हिचीच. रडली. "नाही जमणार मला." शपथ जिभेच्या टोकावर आली होती. गिळली. फासे टाकले. पुन्हा टाकले. पाऊण तास लागला – पण संपवलं पोरीने!

१२ ऑक्टोबर, रविवार
दाखल करायचं नाही!
दुपारी डाव मांडला, तर शहिंदा फासे मुठीतच धरून बसली. माझ्या ताटाकडे बघत. भात तसाच – आठवडाभर तसाच राहत होता म्हणे. मला पत्ताच नाही. तिने चमचा भरला, माझ्यापुढे धरला.
"माझ्या गळ्याची शपथ, बाबा. एक घास."