इर्जिकीचे पॉइंट

आबा,

मला भीती वाटतेय. तुम्ही असता तर विचारलं असतं, "कंपनी काडली तवा न्हाई वाटली?" तेव्हाही वाटली होती, पण ती बुडण्याची. आता कंपनी चालली आहे, म्हणून वाटतेय.

माण गावात भाड्याच्या एका खोलीत आम्ही तिघांनी ॲप बनवलं. भातलावणीला यंत्र हवं, माणसं हवीत, तर फोनवर सांगायचं. बघता बघता चाललं की! डोंगरातल्या वाडीवरच्या बायकांना मजुरी त्याच दिवशी मिळू लागली. आपल्या भरे गावातल्या पोरांनी कारखान्याच्या गेटवरची नोकरी सोडून लावणीची यंत्रं घेतली. मग पैसे गुंतवणारे साहेब म्हणाले, तुमच्यात लोक एकमेकांच्या शेतात फुकट राबतात म्हणे, तेही ॲपमध्ये आणा. मी इर्जिक आणली. मजुरी नाही, दुपारचं जेवण तेवढं, हे तसंच ठेवलं. फक्त जो दुसऱ्याच्या लावणीला जाईल त्याला पॉइंट, आणि ज्याचे पॉइंट जास्त त्याच्याकडे माणसं आधी. मला ते किती रास्त वाटलं होतं.

मी शाळेत जायचे तेव्हाचं आठवतंय. तुम्ही सकाळी काकांच्या खाचरात निघालाय, मी चुलीपाशी चहा पितेय. मी म्हटलं, ते तर आपल्याकडे अर्धाच दिवस आले होते. तुम्ही दारातून मागं फिरलात. "इर्जिकीत मोजायचं नसतं. पुन्यांदा असं बोलू नगं." आई भाकरी थापायची थांबली. एवढ्याशा बोलण्याला एवढं काय चिडायचं, असं वाटून मी दिवसभर फुगून बसले होते.

यंदा त्याच काकांचे गुडघे गेलेत. कुणाच्या शेतात वाकता येत नाही, म्हणून पॉइंट नाहीत. सगळ्यांच्या लावण्या उरकल्या, त्यांची रोपं वाफ्यातच पिवळी पडताहेत. पूर्वी न बोलावता कुणी गेलं असतं, आता जो तो आधी फोन बघतो. मी त्यांना परस्पर पॉइंट द्यायला निघाले, तर हात जोडून म्हणतात, "नगं पोरी. मशीन खोटं न्हाई बोलत. म्या कुटं गेलो कुनाच्यात?" शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि हेच ॲप आता शेजारच्या तालुक्यांत जाणार आहे.

आज सकाळी आईनं पदर खोचला. "म्या निगाली त्यांच्यात. तुला यायचं तर ये." मी गेले. आम्हाला वाकलेलं बघून शेजारच्या बांधावरच्या बायकाही चिखलात उतरल्या. दुपारपर्यंत एक खाचर लागलं. बऱ्याच दिवसांनी मला जरा हायसं वाटलं.

हे तुम्हाला कुठं पाठवणार? आईलाही वाचून दाखवायची नाही मी. बांधावर आल्यावर, चिखलाचे हात धुवायच्या आधी, मी फोन काढला होता. माझे पॉइंट पडले का, ते बघायला.