वजा कोणी केलं?

प्रिय भिडू,

या नावाने तुला आता कोणी हाक मारत नसेल. कॉलेजच्या प्रयोगशाळेची कपाटं सांभाळणाऱ्या मामांनी आपल्याला ते नाव दिलं होतं, कारण टेबल क्रमांक चारवर वर्षभर आपणच दोघं असायचो. तू आकडे वाचायचास आणि मी लिहायचे.

तुझा पत्ता मी शोधला नाही, तो माझ्याकडे चालत आला. मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतला सुरक्षेच्या नियमांचा तक्ता मागच्या आठवड्यात चौकट होऊन आला आणि सवयीने मी तो उलटा करून पाहिला. मागे पेन्सिलने ५८.२ सेमी लिहिलेलं, त्यावर एकच सरळ रेघ, आणि शेजारी ५९.२ सेमी. चुकलेला आकडा पुसायचा नाही, एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, असं सर आपल्याला शिकवायचे. चौकटी बनवणारे किती जण असं करत असतील? खाली दुकानाचा शिक्का होता. पावती राहिली असं सांगून मी शिपायाला परत पाठवलं आणि मालकाचा डावा हात पाहून ये म्हणाले. तो आल्या आल्या म्हणाला की बाई, पावती आणायला पाठवलं होतंत की स्थळ बघायला? पण मनगटापासून अंगठ्यापर्यंत कातडी चकचकीत आहे, हे त्याने सांगितलं.

आता जे सांगायचं आहे ते कुठून सुरू करावं ते कळत नाही. गेली सोळा वर्षं प्रयोगशाळेच्या पहिल्या तासाला मी मुलांना तेच सांगते. चष्मा लावा, केस बांधा, पिपेट तोंडाने ओढू नका, मोजपात्रातली पातळी डोळ्यासमोर धरून वाचा. आणि मग एक गोष्ट सांगते, थर्मामीटर नीट न वाचणाऱ्या मुलाची. नाव घेत नाही, एवढीच माझी सभ्यता. सोळा वर्षांत माझ्या एकाही मुलाला भाजलेलं नाही, हे मी स्वतःच्या बाजूने धरत आले.

यंदा पहिल्याच तुकडीतल्या, पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "बाई, थर्मामीटर सहा अंश जास्त दाखवायचा, तर मग ते सहा वजा कोण करायचं?" लिहिणारी करायची, मी म्हटलं. तिने विचारलं की वाचणाऱ्यालाही ते सहा माहीत होते का. मी म्हटलं, होते तर, मामांनी वर चिठ्ठीच डकवली होती, 'सहा कमी धरा'. ती खाली बसली. तिच्या मनात काही नव्हतं, तिला फक्त वहीत पूर्ण लिहायचं होतं. मी मात्र तास लवकर सोडला.

घरी त्या वर्षीची डायरी काढली. 'त्याने बहात्तर सांगितलं. मी सहासष्ट लिहिलं. अजून सहा हवे होते.' एवढंच आहे. गरम पाण्यात ठेवलेलं ते स्पिरिट बहात्तर अंशांपर्यंतच न्यायचं होतं, कारण अठ्ठ्याहत्तरला ते उकळतं. काचेवर बहात्तर असेल आणि तू ते तसंच सांगितलं असशील, तर माझे सहासष्ट बरोबर, आणि मग ते उकळायला नको होतं. पण काचेवर अठ्ठ्याहत्तर असेल आणि मला सोपं जावं म्हणून तू मनातच सहा वजा करून बहात्तर म्हणाला असशील, तर मी तेच सहा दुसऱ्यांदा वजा केले. म्हणजे मी 'अजून सहा' म्हणून पुढे तापवलं ते थेट उकळीपर्यंत. कोण वजा करणार हे आपण कधी ठरवलं होतं का? मला आठवत नाही. सकाळी वाटतं ठरलं होतं, दुपारी वाटतं आपण तसं बोललोच नाही.

इतकी वर्षं माझ्याकडे एक उत्तर तयार होतं. थर्मामीटरचा फुगा द्रवाच्या वर राहिला होता, म्हणून तुझा आकडा कमी आला. तो वर राहिलेला फुगा मला अगदी स्पष्ट दिसतो. पण त्या दिवसाच्या पानात फुगा नाहीच. तो पहिल्यांदा येतो तो पुढच्या वर्षीच्या डायरीत. आणि परवापासून वेगळंच आठवतंय. मी अजून सहा म्हटल्यावर तू भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "तू म्हणतेस तर." हे कुठल्याच डायरीत नाही. स्वतःला वाचवायला मी जसा फुगा रचला, तसं आता स्वतःला शिक्षा करायला हे रचते आहे का? माझा माझ्यावर भरवसा उरलेला नाही.

सरांनी विचारलं तेव्हा उसळलेल्या स्पिरिटने भाजलेला तुझा हात नळाखाली होता. मी म्हणाले, "आकडे तो सांगत होता, मी फक्त लिहीत होते." तुला वर्षभर प्रयोगशाळा बंद झाली, मग तू कॉलेजच सोडलंस. मला प्रात्यक्षिकात पहिला नंबर मिळाला. दोनदा तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि परत गेले.

सोमवारी दुसरी तुकडी पहिल्यांदा प्रयोगशाळेत येईल आणि मला गोष्ट सांगावी लागेल. म्हणून तुला एवढंच विचारणार होते की काचेवर बहात्तर होते की अठ्ठ्याहत्तर. त्याला एक ओळ पुरली असती. पण लिहिता लिहिता लक्षात आलं की आकडा कोणताही असो, शेगडीचं बटण माझ्या हाताशी होतं. मी फक्त लिहीत नव्हते. सोमवारी मुलांना हे सांगेन आणि आकड्याची जागा रिकामी ठेवेन. सोबत दुसरा तक्ता पाठवते आहे, माझ्या अक्षरातला. वजा कोण करणार ते आधी ठरवा, हा त्यातला नवा नियम. त्याच्या वर 'वाचणाऱ्याने चूक केली' असं लिहिलेलं आहे आणि त्यावर एक रेघ आहे, खालचं वाचता येईल अशी. चौकट करून दे. मागे मापांशेजारी तो आकडा लिहावासा वाटला तर लिही. नाही लिहिलास तरी तक्ता भिंतीवर लागेलच.

तुझीच,
टेबल चारवरची भिडू